ढोलकीवरची इंग्रजी

आमच्या माणदेशात इंग्रजी दोन वाटांनी आली. एक वाट शाळेची, दुसरी तमाशाच्या बोर्डाची. शाळेतली इंग्रजी फळ्यावर खडूनं लिहिलेली असायची आणि तिथंच राहायची. बोर्डावरची इंग्रजी सोंगाड्याच्या तोंडात असायची. मोडकी होती, तोडकी होती, पण ती बोलायची. हवालदाराचं सोंग आलं की ‘येस सर’, ‘ऑलराइट’, ‘व्हॉट इज युवर नेम’ असला मारा सुरू व्हायचा आणि ज्याला सहीसुद्धा येत नाही असा गडी पोट धरून हसायचा. कवलापूरच्या काळू-बाळूंचा ‘जहरी प्याला’ हा वग आणि त्यातले ते दोन हवालदार आमच्याकडं घरोघरी ठाऊक होते. जत्रा उलगडली की पुढं महिनाभर गुराखी पोरं माळावर हवालदार-हवालदार खेळायची.

तिसरी एक इंग्रजी होती, ती तारेतून यायची. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, पार मद्रास-कलकत्त्यापर्यंत पांगलेली. पत्र मराठीत यायचं, पण तार इंग्रजीत. तारवाला दारात दिसला की आधी बायका हंबरडा फोडायच्या आणि मग कुणीतरी शाळेकडं पळायचं. एकदा आमच्या आळीत अशीच तार आली. मास्तर तालुक्याला गेलेले. चूल पेटली नाही, दोन तास रडारड चालली. संध्याकाळी मास्तरांनी तार वाचली तर मद्रासच्या सुनेला मुलगा झालेला! मग पेढे वाटले, पण म्हातारीची छाती धडधडायची राहिली नव्हती. चार शब्दांचा कागद वाचता येत नाही म्हणून एका घरानं दोन तास सुतक पाळलं. इंग्रजी का शिकायची, याचं उत्तर मला पुस्तकात नाही, त्या घरात मिळालं.

महाराष्ट्रात इंग्रजी आणि गाणं-नाटक यांची सोयरीक तशी जुनी आहे. सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ सालचा. शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावी असं सांगणाऱ्या कविता त्यात आहेत आणि इंग्रजीला त्यांनी माऊली म्हटलंय. पुढच्याच वर्षी, १८५५ ला, जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. जोशीबुवानं नाडलेलं एक कुणबी जोडपं शेवटी शिकायला निघतं, अशी त्याची गोष्ट. शिक्षणाचं महत्त्व सांगायला जोतीरावांना नाटक हत्यार वाटलं, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाटक घेतलं नाही. ते छापून लोकांसमोर यायला १९७९ उजाडलं.

१८७३ ला सत्यशोधक समाज निघाला आणि पुढं त्याचे जलसे गावोगाव फिरू लागले. जलसा म्हणजे काय, तर साचा तमाशाचाच, पण आतला माल वेगळा. सावकाराचं व्याज, भटजीची दक्षिणा, पोरांची शाळा हे विषय ढोलकी-तुणतुण्यावर यायचे. आंबेडकरी जलशांनीही तेच केलं. ज्यांना वर्गात कुणी घेत नव्हतं त्यांनी चावडीपुढं स्वतःचा वर्ग भरवला.

शहरात वारं दुसरीकडून वाहत होतं. कॉलेजात शेक्सपिअर वाचलेल्या मंडळींनी त्याची नाटकं मराठीत आणली. आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला आणि डेस्डिमोनाची कमळजा. गोष्ट आली, पात्रं आली, इंग्रजी भाषा मात्र वेशीबाहेर राहिली. ते ठीकच होतं, प्रेक्षकाला मराठी नाटक हवं होतं. पण त्याच्या उलट काही करता येईल का, म्हणजे आपला खेळ तसाच ठेवून त्यात इंग्रजी आणता येईल का, हा विचार माझ्या वाचनात कुठं आला नाही. तो आम्हाला गरजेपोटी करावा लागला.

शाळेतल्या इंग्रजीचा इतिहास म्हणाल तर तो वर-खाली होत राहिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही वर्षं इंग्रजी आठवीपासून होती. महाराष्ट्र झाल्यावर ती पाचवीवर आली. मी पाचवीत गेलो तेव्हा आमच्या मास्तरांकडं तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. वाक्य इंग्रजीतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत. मास्तर विद्वान होते, पाठमाला चांगली होती, पण अख्ख्या वर्षात माझ्या तोंडून इंग्रजीचं एक वाक्य आपल्या गरजेनं बाहेर पडलं नाही. इंग्रजी ही बोलायची वस्तू आहे हे मला सोंगाड्यानं सांगितलं होतं. शाळेनं ते सांगितलं नाही.

पुढं मी बी.ए., बी.एड. झालो आणि जून १९७६ ला आमच्याच भागातल्या एका हायस्कुलात इंग्रजीचा शिक्षक म्हणून लागलो. ७२ च्या दुष्काळाची खूण अजून अंगावर होती. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांनी आईबापाबरोबर दुष्काळी कामावर खडी वाहिलेली. सुकडी खाऊन वाढलेली ती पोरं आता आठवीत बसलेली. दहावीचं नवं बोर्ड नुकतंच, १९७५ ला, सुरू झालेलं. अकरावीची मॅट्रिक गेली, पण इंग्रजी-गणिताची धोंड तीच राहिली. पोर या दोन विषयांत अडकलं की ऑक्टोबरची वारी, मग पुन्हा मार्च, मग मुंबईची गोदी नाहीतर गलाईची भट्टी. पोरगी अडकली तर तिला वारी नव्हतीच. उन्हाळ्यात लग्न.

पहिल्या दिवशी आठवीच्या वर्गात एका पोराला मी विचारलं, “व्हॉट इज युवर नेम?” पोरगं उभं राहिलं आणि जमिनीकडं बघत राहिलं. तीन वर्षं इंग्रजी शिकलेलं पोर. शेजारच्यानं ढोसलं तसं घोगऱ्या आवाजात म्हणालं, “सर, लिहून दावू का?” त्याच रात्री मारुतीच्या देवळात भजन होतं. तेच पोरगं पखवाजाशेजारी बसून खड्या आवाजात अभंग सोडत होतं, आणि पुढची म्हातारी माणसं त्याच्या मागं चालत होती. म्हणजे आवाज होता, पाठांतर होतं, चारचौघांत तोंड उघडायची भीडही नव्हती. नव्हती ती फक्त इंग्रजीच्या तासाला.

तेव्हा इंग्रजी शिकवायला ‘स्ट्रक्चरल ॲप्रोच’ होता. एकेक वाक्यरचना घ्यायची आणि ती पुन्हा पुन्हा घोटायची. दाराकडं चालत जायचं आणि म्हणायचं, “आय ॲम गोइंग टु द डोअर.” पद्धत वाईट नव्हती. पण चाळीस वेळा दाराकडं गेलं तरी पोरांना प्रश्न पडायचा की सर दाराकडं कशाला जातायत? बोलायला काही कारणच नाही. बी.एड.ला एका पुस्तकात मी वाचलं होतं की इंग्लंडात केंब्रिजच्या पर्स स्कूलमध्ये कॉल्डवेल कुक नावाचे मास्तर पोरांना नाटक करायला लावून साहित्य शिकवायचे आणि १९१७ ला त्यांनी ‘द प्ले वे’ हे पुस्तकही लिहिलं. वाचून वाटलं, त्यांच्याकडं शाळेचं नाटकघर होतं, आपल्याकडं काय आहे? आपल्याकडं तर अख्खा तमाशा होता!

सुरुवात गवळणीनं झाली. तमाशातली गवळण ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको. गवळणी दुधा-दह्याची मडकी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, मध्ये पेंद्या आणि कृष्ण वाट अडवतात, दाण मागतात, मावशी भांडते. आता बघा, वाट अडवणारा माणूस काय करतो? प्रश्न विचारतो. कुठं चाललात? काय घेऊन चाललात? मागनं कोण येतंय? म्हणजे चालू वर्तमानकाळच की सगळा. फळ्यावर जे घोटून घोटून येत नव्हतं ते गवळणीत आपसूक येत होतं. “व्हेअर आर यू गोइंग?” “वुई आर गोइंग टु मथुरा.” “व्हॉट आर यू कॅरिइंग?” “वुई आर कॅरिइंग मिल्क.” “हू इज कमिंग बिहाइंड यू?” आणि मग सगळ्या पोरी एका दमात, “मावशी इज कमिंग!” पेंद्याला एक वाक्य दहा वेळा विचारावं लागतं, कारण मावशी बहिरी. हे घोटणं पोरांना घोटणं वाटत नव्हतं. बहिरेपणाचा तो खेळ होता.

एकदा ही किल्ली हातात आल्यावर एकेक कुलूप उघडत गेलं. पोवाड्याची सगळी गोष्ट घडून गेलेली असते, म्हणून भूतकाळासाठी पोवाडा. अफझलखानाच्या वधाचा प्रसंग पोरांनी साध्या साध्या इंग्रजी वाक्यांत बांधला. खान केम, खान सॅट, शिवाजी वेन्ट, शिवाजी सॉ. शाहिरानं क्रियापद टाकायचं आणि झीलकऱ्यांनी ‘जी जी रं जी’च्या ठेक्यावर तेच परत उचलायचं. ‘गो’चं ‘गोएड’ करणारी पोरं होती. त्यांना मी कितीदा खोडलं असतं कुणास ठाऊक, पण डफावर ‘गोएड’ बसेना. ‘वेन्ट’ची थाप बरोबर पडायची. डफानंच त्यांना दुरुस्त केलं.

रोजच्या वापरातले शब्द यायला भारुड बरं. विंचू चावलेला माणूस गडाबडा लोळतो आणि वैद्य विचारतो, कुठं दुखतंय? मग डोकं, मान, खांदा, गुडघा, टाच, अख्खं शरीर इंग्रजीत फिरून व्हायचं. धड्याच्या वाचनाला कीर्तन. एका पोरानं बुवा व्हायचं, उपरणं टाकायचं. पूर्वरंगात धड्याचा अर्थ सांगायचा, उत्तररंगात गोष्ट लावायची, आणि श्रोत्यांनी मध्येच शंका काढायच्या. बुवा अडला की टाळकऱ्यांनी सावरून घ्यायचं. गृहपाठ न करणारं पोरगं बुवा व्हायचं म्हणून रात्री चिमणीपुढं धडा तीन-तीनदा वाचून यायचं.

सगळ्यात मोठं काम केलं ते हलगीनं. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या वजनानं बोलतो. इंग्रजीचं तसं नाही. शब्दातल्या एका ठिकाणी जोर पडतो आणि बाकीची अक्षरं अंग चोरून जातात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘फो’वर. ‘फोटोग्राफर’ म्हणताना तो सरकून ‘टो’वर जातो, आणि ‘फोटोग्राफिक’ला आणखी पुढं ‘ग्रा’वर. हे मी व्याकरणातून सांगितलं असतं तर पोरांनी वहीत उतरून घेतलं असतं आणि विसरली असती. आमच्याकडं एक पोरगं होतं, त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हलगी. लग्न असो, जत्रा असो, मयत असो, हलगी त्यांची. वर्गात ते मागच्या बाकाच्या कोपऱ्यात बसायचं आणि त्याच्याशी कुणी फारसं बोलत नसे. त्याला मी म्हणालो, “जोर पडेल तिथं थाप मार.” त्यानं तीन शब्द ऐकले, डोळे मिटले, आणि तीन निरनिराळ्या ठिकाणी थाप मारली. एकही चुकली नाही. शब्दांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता, पण कान तयार होता. त्या दिवसापासून वर्गातली पोरं अवघड शब्द आला की त्याच्याकडं बघू लागली. इंग्रजीच्या तासाला त्याला पुढचा बाक मिळाला, तो कुणी मागून दिलेला नव्हता.

लिहिण्याचं काय, असं कुणी विचारील. बोर्डाची परीक्षा तर लेखी. त्याला आमच्याकडं ‘नक्कल’ होती. जुन्या नाटक कंपन्यांत प्रत्येक नटाला त्याच्या भाषणांची वेगळी प्रत काढून देत, तिला नक्कल म्हणत. आमच्याकडं झेरॉक्स कुठलं? खेळ एक, पात्रं नऊ, तेव्हा नऊ नकला हातानंच उतरायच्या. आधी पोरांनी तोंडी वाक्यं जुळवायची, मी ती फळ्यावर लिहायची, मग त्यांनी उतरून घ्यायची. नक्कल चुकली तर तालमीत माणूस तोंडघशी पडतो. म्हणून पोरं एकमेकांच्या स्पेलिंगवर नजर ठेवायची. मी तपासलेल्या वह्यांपेक्षा त्या नकला शुद्ध असायच्या. तरीही पत्रलेखन, निबंध याला वेगळी मेहनत लागतच होती. ढोलकीनं सगळं होतं असं मी म्हणत नाही. ढोलकीनं तोंड उघडतं, पुढचं काम तोंड उघडल्यावरच सुरू होतं.

आता त्या मुलीविषयी सांगायला पाहिजे.

ती फडातली. आई बोर्डावर नाचायची, मामा ढोलकी धरायचा. फड दसऱ्याला बाहेर पडायचा तो वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या आसपास माघारी यायचा, त्यामुळं असल्या पोरांची शाळा पावसाळ्यापुरती. हिची आजी मात्र हट्टाची. पाय थकल्यावर ती गावात राहिली आणि नातीला तिनं ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी मला म्हणाली, “गुरुजी, हिच्या आईनं दहा हजार माणसापुढं तोंड उघडलंय, पण पाकिटावरचा पत्ता वाचायला दुसऱ्याचं पाय धरलं. हिला वाचाया शिकवा.”

गवळणीत मावशीचं काम कुणी करायचं, यावर वर्गात चर्चा झाली. मावशीला सगळ्यात जास्त वाक्यं. फडात मावशी पुरुष करतो. तीन पोरांनी करून बघितलं, पण इंग्रजी वाक्य आलं की त्यांचा अभिनय थांबायचा आणि अभिनय आला की इंग्रजी पळायची. ही उठली, पदर खोचला आणि कंबरेवर हात ठेवून पेंद्याला म्हणाली, “हू आर यू? आर यू अ पोलीसमन?” पोलीसमन हा तिचा स्वतःचा शब्द, मी दिलेला नव्हता. वर्ग हसून लोळला. पुढं तालमीत तिनं रोज एखादं नवं वाक्य घालायला सुरुवात केली. परकी भाषा येते ती तेव्हा, जेव्हा माणूस तिच्यात स्वतःची थट्टा करू लागतो. ते या पोरीला सगळ्यांच्या आधी जमलं.

स्नेहसंमेलन जवळ आलं तशी गावात कुजबुज सुरू झाली. एका संध्याकाळी चार प्रतिष्ठित मंडळी शाळेत आली. हेडसरांच्या खोलीत बसली. चहा झाला. मग त्यांच्यातले वडीलधारे माझ्याकडं बघून म्हणाले, “सर, ही शाळा हाय का फड?”

मी म्हणालो, “शाळाच आहे. इंग्रजीचा पाठ आहे हा.”

“पाठ पुस्तकात असतोय. आमच्या पोरी गवळण म्हणून उभ्या ऱ्हाणार, अन्‌ त्यातबी ती... आवं, तिची आई कोण हाय ठावं न्हाई का तुमास्नी?”

हेडसर शांतपणे ऐकत होते. गरिबीतून, बोर्डिंगात राहून शिकलेला माणूस. ते म्हणाले, “दादा, माझा बाप सत्यशोधक जलशात तुणतुणं धरायचा. जलसा बघून तुमच्याच गावातल्या किती माणसांनी पोरं शाळेत घातली, ते तुमच्या वडलांना इचारायला पाहिजे हुतं.” साहेबी मराठी बोलणारे आमचे हेडसर रागावले की गावच्या बोलीवर यायचे.

दादा गप्प बसले, पण उठले नाहीत. शेवटी तोड निघाली. घुंगरू बांधायचे नाहीत, ‘तमाशा’ हा शब्द वापरायचा नाही, पत्रिकेवर ‘इंग्रजी लोकनाट्य’ असं छापायचं. मला तेव्हा गंमत वाटली, कारण हेच एकदा सगळ्या महाराष्ट्रात झालं होतं. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, मग अटी घालून उठवली आणि पांढरपेशांनी उचलला तेव्हा तमाशा ‘लोकनाट्य’ झाला. नाव बदललं की दार उघडतं. ज्यांची ती कला त्यांना मात्र त्याच दाराशी उभं करून नाव विचारलं जातं. मुलीला मी अटी सांगितल्या. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “घुंगरू नको तर नको, सर. पण लुगडं आजीचं नेसणार.”

संमेलनाच्या रात्री ऐन वेळी लाईट गेली. गॅसबत्त्या आणल्या. ढोलकीला तिचा मामा नव्हता, फड बाहेर होता. हलगीवाल्या पोरानंच ढोलकी धरली. पडदा म्हणजे दोन सतरंज्या. खेळ चाळीस मिनिटांचा ठरवलेला, तासाभराच्या वर गेला, कारण मावशीच्या प्रत्येक वाक्याला माणसं हसत होती. ज्यांना एक अक्षर इंग्रजी येत नव्हतं त्या बायकाही हसत होत्या. गवळण त्यांना पाठ होती, त्यामुळं भाषा नवी असली तरी अर्थ ओळखीचा होता. नंतर आठवडाभर पाणवठ्यावर बाया एकमेकींना विचारायच्या, “व्हेअर आर यू गोइंग?” आणि उत्तर यायचं, “मथुरा!”

तिची आजी मांडवाबाहेर, लिंबाखाली उभी राहून बघत होती. आत या म्हटलं तर आली नाही. म्हणाली, “हितनं समदं ऐकू येतंय.” विरोध करणारे दादा पुढच्या रांगेत होते. ते हसले की नाही ते मला गॅसबत्तीच्या उजेडात दिसलं नाही. पण पुढच्या जूनमध्ये त्यांची नात त्याच वर्गात बसली आणि दादांनी तालमीला हरकत घेतली नाही.

त्याच सुमारास पु.लं.ची ‘ती फुलराणी’ शहरात गाजत होती. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून केलेलं नाटक. रस्त्यावर फुलं विकणाऱ्या पोरीला एक प्राध्यापक शुद्ध बोलायला शिकवतो. मी ते पुण्यात पाहिलं. भक्ती बर्वे यांचं काम अजून डोळ्यांपुढं आहे. पण बघताना मनात येत होतं की आमच्याकडं उलटं झालंय. आमच्या फुलराणीला प्राध्यापकानं बोलायला शिकवलं नाही. बोलायला तिला येतच होतं, तिची आई आणि आजी दोन पिढ्या बोलत आल्या होत्या. शाळेनं फक्त तिला दुसरी भाषा दिली आणि मुकाट खाली बसवायचं थांबवलं.

ती दहावीला गणितात अडकली. इंग्रजीत तिला सत्तेचाळीस मार्क होते. आजीनं लग्नाचं नाव काढू दिलं नाही, ऑक्टोबरला गणित सुटलं. पुढं कॉलेज झालं नाही. ती फडातच गेली, पण बोर्डावर नव्हे. फडाची कागदपत्रं, परवाने, गाड्यांचे करार, बँक हे सगळं तिनं अंगावर घेतलं. बऱ्याच वर्षांनी एका जत्रेत भेटली. पाया पडली आणि हसत म्हणाली, “सर, कचेरीत साहेब इंग्रजीत बोलाय लागला की आमचे लोक खाली बघायचे. मी म्होरं बघते. येत न्हाई ते विचारते. मावशी केलीय न्हवं मी!”

आता काळ पालटला. जून २००० पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. वाडीवाडीतून पिवळ्या बसगाड्या इंग्लिश मीडियमची पोरं गोळा करून नेतात. तार बंद झाली, मोबाईलमध्ये सगळी इंग्रजीच. प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात कला आणि शिक्षण एकत्र आणायला सांगितलंय. वाचून बरं वाटलं. पण संमेलनाला गेलो तर काय दिसतं? लाऊडस्पीकरवर रेकॉर्ड लागते, पोरं ओठ हलवतात आणि नाचतात. नाच उत्तम असतो, कपडे भाड्यानं आणलेले झकपक असतात, पण तासभराच्या कार्यक्रमात एकाही पोराचा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. इंग्रजी गाण्यावर नाचलेल्या एका मुलीला मी मायेनं विचारलं, “गाण्यात काय म्हटलंय गं?” ती म्हणाली, “माहीत नाही आजोबा, स्टेप्स माहितीयत.”

कला शाळेत आणायची म्हणजे वर्गाला तोरण बांधायचं, असं नाही. गवळण, पोवाडा, भारुड, कीर्तन या प्रत्येकाचं स्वतःचं एक व्याकरण आहे. कुठं प्रश्न येतो, कुठं उत्तर, कुठं एकानं बोलायचं आणि कुठं सगळ्यांनी उचलायचं, हे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घासून-पुसून ठरवलंय. ते भाषा शिकवायला तयारच आहे. आणि ज्यांच्याकडं ही विद्या आहे त्या घरांतली पोरं बहुधा मागच्या बाकावर असतात. वर्गात कला आली आणि ती पोरं तिथंच राहिली, तर तिला मी कला आली असं म्हणणार नाही.

मध्यंतरी शेजारच्या गावचा एक तरुण शिक्षक घरी आला होता. इंग्रजीचाच. त्यानं मोबाईलवर प्रशिक्षणातल्या चित्रफिती दाखवल्या, ‘रोल प्ले’ कसा घ्यायचा ते सांगितलं, आणि विचारलं, “सर, माझ्या वर्गात सुरुवात कुठून करू?” मी जुन्या नकलांचं गाठोडं त्याच्यापुढं ठेवलं. कागद पिवळे पडलेत, कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण अक्षर वाचता येतं. म्हटलं, “हे घेऊन जा, पण हेच करू नकोस. आधी तुझ्या वर्गात हलगी कुणाच्या घरात आहे ते विचार. भजनाला कोण जातं, ओव्या कुणाच्या आजीला येतात, ते विचार. मग त्यांच्याशेजारी जाऊन बस.”

त्यानं वहीत लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाला, “सर, हलगी आहे एकाच्या घरात. पण ते पोरगं बोलतच नाही.”

म्हटलं, “मग त्यालाच आधी वाजवू दे.”